थडग्यातील सोने आणि समाजरचना : व्हार्ना येथील पुरातत्त्व संग्रहालयाचा परिचय

प्रस्तावना

बल्गेरियाच्या पूर्व सीमेवर काळ्या समुद्राच्या किनारी व्हार्ना हे बंदराचे शहर वसलेले आहे. उन्हाळ्यात येथे येणाऱ्या पर्यटकांपैकी बहुसंख्य समुद्रस्नानासाठी येतात. जगाच्या प्रागैतिहासिक अभ्यासात मात्र या शहराचे नाव येते ते तेथील पुरातत्त्व संग्रहालयातील सुवर्णवस्तूंमुळे. सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या या वस्तूंचा उल्लेख 'जगातील सर्वांत प्राचीन सोने' असा केला जातो. या विशेषणाने कुतूहल जागे होते, हे खरे. परंतु या सोन्याने अभ्यासकांपुढे ठेवलेला खरा प्रश्न त्यामुळे काहीसा झाकला जातो. ज्या समाजाला लेखन ठाऊक नव्हते, ज्याची नगरे नव्हती आणि ज्याचे राजवाडे सापडलेले नाहीत, त्या समाजात मोजक्या व्यक्तींच्या थडग्यांत एवढे सोने का पुरले गेले? प्रस्तुत लेखात या संग्रहालयाचा परिचय करून देताना या प्रश्नाचा विचार केला आहे.

वास्तू व परंपरा

संग्रहालयाच्या स्थापनेमागे कारेल व हेर्मान श्कोर्पिल या मूळच्या चेक असलेल्या बंधूंचे परिश्रम आहेत. शिक्षक म्हणून बल्गेरियात आलेल्या या बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशातील अवशेषांची पाहणी व नोंदणी केली. संग्रहालयाची परंपरा १८८८ पर्यंत मागे नेली जाते. कारेल श्कोर्पिल यांनी बल्गेरियाची मध्ययुगीन राजधानी प्लिस्का येथे दीर्घकाळ संशोधन केले आणि १९४४ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांना त्याच अवशेषांच्या परिसरात दफन करण्यात आले.

आजची इमारत १८९२ ते १८९८ या काळात वास्तुविशारद पेत्को मोम्चिलोव्ह यांच्या आराखड्यानुसार मुलींच्या शाळेसाठी बांधली गेली. उंच खिडक्या, मध्ये चौक आणि त्याभोवती वर्गखोल्यांची रांग अशी तिची रचना आहे. पूर्वीच्या वर्गखोल्यांतच आता दालने मांडली असल्याने संग्रहालयाला शाळेचे रूप अजून पुरते सोडून गेलेले नाही. प्रदर्शनाचे क्षेत्र सुमारे २,१५० चौरस मीटर आहे. शहरातील रोमन स्नानगृहांचे अवशेष आणि शहराबाहेरील अलाजा हा डोंगरकड्यात कोरलेला मध्ययुगीन मठ यांची व्यवस्थाही याच संग्रहालयाकडे आहे.

दालनांचा क्रम कालानुसार आहे. इ. स. पूर्व सहाव्या शतकात मिलेटस येथील ग्रीक वसाहतकारांनी या किनाऱ्यावर ओदेसोस नावाचे नगर वसवले. त्याचे समाधिशिलालेख व मृत्पात्रे, हेलेनिस्टिक काळातील बारीक कलाकुसरीची कर्णभूषणे, रोमन काळातील शिल्पे व दिवे आणि मध्ययुगीन वस्तू अशी मांडणी पुढे येते. त्यांतील प्रत्येक दालन स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल. परंतु अन्यत्रही, विशेषतः भूमध्य समुद्राकाठच्या संग्रहालयांत, या प्रकारच्या वस्तू पाहावयास मिळतात. प्रागैतिहासिक दालनाला मात्र जोड नाही.

दफनभूमीचा शोध

१९७२ च्या शरद ऋतूत व्हार्नाच्या पश्चिमेकडील औद्योगिक भागात, व्हार्ना सरोवराच्या उत्तर काठाजवळ, केबल टाकण्यासाठी चर खणण्याचे काम सुरू होते. खोदयंत्र चालविणाऱ्या तरुणाला मातीत काही पिवळ्या धातूच्या व दगडाच्या वस्तू दिसल्या. त्याने त्या जपून ठेवल्या. पुढे त्या दाल्गोपोल या गावी स्थानिक संग्रहालय उभे करणारे दिमितर झ्लातार्स्की यांच्या पाहण्यात आल्या आणि त्यांना त्यांचे महत्त्व उमगले. त्यांनी व्हार्नाच्या संग्रहालयाला कळविले. युरोपीय प्रागितिहासाचा एक अध्याय बदलणारा हा शोध एका यंत्रचालकाचे औत्सुक्य आणि लहान गावातील संग्रहालयाचा जाणकार यांच्यामुळे हाती लागला. तालुक्याच्या ठिकाणची छोटी संग्रहालये निरुपयोगी मानणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतर मिखाईल लाझारोव्ह व इव्हान इव्हानोव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली पद्धतशीर उत्खनन झाले. इव्हानोव्ह यांनी ते १९९१ पर्यंत चालविले. या काळात जवळपास तीनशे थडगी उघडकीस आली. त्यांतून तीन हजारांहून अधिक सुवर्णवस्तू मिळाल्या आणि त्यांचे एकत्रित वजन सुमारे सहा किलोग्रॅम भरले. सोन्याबरोबरच तांब्याच्या कुऱ्हाडी, चकमकीच्या दगडाची लांब पाती, तांबड्या अकीकाचे मणी, सागरी शिंपांची कंकणे आणि मातीची भांडी सापडली.

कार्बन-१४ पद्धतीने केलेल्या अलीकडील मापनांनुसार या दफनभूमीचा काळ इ. स. पू. ४६०० ते ४३०० च्या दरम्यान पडतो. या आकड्याचा अर्थ लक्षात येण्यासाठी परिचित उदाहरणांशी तुलना करणे सोयीचे होईल. मोहेंजोदडोची नगररचना, मेसोपोटेमियातील ऊर येथील राजथडगी आणि गिझाचा मोठा पिरॅमिड हे सर्व साधारणतः इ. स. पू. २६०० च्या आसपासचे आहेत. व्हार्नाचे सुवर्णकार त्यांच्याही पूर्वी सुमारे दोन हजार वर्षे काम करीत होते. बल्गेरियातील दुरान्कुलाक, होत्नित्सा अशा अन्य स्थळीही साधारण याच काळातील सोने मिळाले आहे. त्यामुळे 'सर्वांत प्राचीन' हा मान एकाच स्थळाला देण्याचा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही. व्हार्नाचे वेगळेपण सोन्याच्या प्रमाणात आणि त्याच्या वाटणीत आहे.

कालनिश्चितीचा आणखी एक परिणाम झाला. धातुविद्या पश्चिम आशियात जन्मली आणि तेथून युरोपात पसरली, अशी समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ होती. ब्रिटिश पुरातत्त्ववेत्ते कॉलिन रेन्फ्रू यांनी १९६९ मध्ये, म्हणजे व्हार्नाच्या शोधापूर्वी तीन वर्षे, आग्नेय युरोपातील ताम्रविद्या स्वतंत्रपणे विकसित झाली असावी असे प्रतिपादन केले होते. ग्रॅफाइटने रंगविलेली भांडी भाजण्यासाठी भट्टीतील उष्णता व हवेचा पुरवठा यांवर जे नियंत्रण लागते, तेच नियंत्रण धातू वितळविण्यासाठीही लागते. म्हणून येथील कुंभारांच्या कौशल्यातूनच धातुकर्म पुढे आले असावे, असा त्यांच्या युक्तिवादाचा एक धागा होता. स्तारा झागोराजवळील आय बुनार येथील प्राचीन तांब्याच्या खाणी आणि व्हार्नाचे थडगे यांनी या मताला मोठे बळ दिले.

क्रमांक ४३ चे थडगे

संग्रहालयातील सर्वाधिक गर्दी ज्या मांडणीपुढे असते, ती क्रमांक ४३ च्या थडग्याची. मूळ रचनेप्रमाणे येथे सांगाडा उताणा ठेवलेला दिसतो आणि त्याभोवती वस्तू ज्या जागी सापडल्या त्या जागी मांडलेल्या आहेत. हा एका प्रौढ पुरुषाचा दफनविधी होता. त्याच्यासोबत ९९० सुवर्णवस्तू होत्या व त्यांचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम होते. याचा अर्थ संपूर्ण दफनभूमीतील सोन्यापैकी साधारण पाव हिस्सा एकाच व्यक्तीबरोबर पुरला गेला. दंडात कडी, गळ्यात मण्यांच्या माळा, वस्त्रावर शिवलेल्या गोल चकत्या, हाताजवळ सोन्याच्या नळ्यांनी मढविलेल्या दांड्याची दगडी कुऱ्हाड असा तो संभार आहे. ही कुऱ्हाड लाकूड तोडण्यासाठी नव्हती हे उघड आहे. अभ्यासक तिला राजदंडाच्या जातीची वस्तू मानतात. पुरुषाच्या जननेंद्रियावरील सुवर्णावरण म्हणून ओळखली जाणारी वस्तूही याच थडग्यातील आहे.

सोने हे या समाजात मौल्यवान होते, हे आपण कशावरून म्हणतो? हा प्रश्न प्रथमदर्शनी अनावश्यक वाटेल. सोने मौल्यवान असणारच, असे आजचे मन गृहीत धरते. परंतु ज्या काळात सोन्याचा वापर नुकता सुरू होत होता, त्या काळाला आजचे बाजारमूल्य लावता येत नाही. रेन्फ्रू यांनी १९८६ मध्ये याच मुद्द्यावर एक निबंध लिहिला. मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज' या ग्रंथात तो समाविष्ट आहे. त्यांचा युक्तिवाद वस्तूंच्या वापरावर आधारलेला आहे. सोने शरीराच्या नजरेत भरणाऱ्या व महत्त्वाच्या जागी आढळते. ते अधिकारदर्शक वस्तूंच्या सोबत आढळते. आणि अनेक ठिकाणी पातळ पत्रा वापरून आतील साध्या पदार्थाला भरीव सोन्याचा आभास दिलेला आहे. ज्याची नक्कल करावीशी वाटते त्याला समाजात मोल असते, हा त्यामागील तर्क आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र व पुरातत्त्व यांच्या सीमेवरील हा निबंध आपल्याकडील आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमांत वाचला जावा, इतका उद्बोधक आहे.

या युक्तिवादाला व्हार्नाच्याच संचातील एक वस्तू मनोरंजक गुंतागुंत देते. स्पाँडिलस नावाच्या सागरी शिंपेपासून केलेले एक कंकण वापरात असताना तुटले होते. ते टाकून न देता सोन्याचा पत्रा बसवून सांधण्यात आले. ही शिंप काळ्या समुद्रात मिळत नाही. ती भूमध्य समुद्राच्या बाजूने, बहुधा एजियन किनाऱ्यावरून, हातोहात येथवर आली. येथे सोन्याचे काम शिंपेला टिकविण्याचे आहे. ज्या वस्तूची दुरुस्ती सोन्याने करावी, ती वस्तू सोन्याहून कमी मोलाची असेल काय? काचेमागील हे लहानसे कंकण पुष्कळदा नजरेतून सुटते. दालनात विद्यार्थ्यांना नेणाऱ्या अध्यापकाने प्रथम तेथे थांबावे, असे सुचवावेसे वाटते.

सोने घडविण्याचे तंत्रही प्रगत होते. नदीच्या वाळूत मिळणाऱ्या नैसर्गिक सोन्यात चांदीचा काही अंश असतो, तसा तो या वस्तूंतही आढळतो. ठोकून पत्रा करणे, साच्यात ओतणे, घासून चकाकी आणणे या क्रिया या कारागिरांना अवगत होत्या. काही वस्तूंसाठी मेणाचा नमुना करून ओतकाम करण्याची, म्हणजे आपल्याकडे ज्याला मधूच्छिष्ट विधान म्हणतात त्या जातीची पद्धत वापरली गेली असावी, असे धातुपरीक्षणाच्या अभ्यासकांचे मत आहे.

रिकामी थडगी

क्रमांक ४३ च्या थडग्यामुळे 'राजा' ही कल्पना सहज मनात येते. परंतु त्याच दफनभूमीतील दुसरा एक प्रकार या कल्पनेला अडथळा करतो. क्रमांक १, ४ व ३६ ही सोन्याने अत्यंत समृद्ध थडगी आहेत आणि त्यांत कोणाच्याही अस्थी नाहीत. क्रमांक ४ मध्ये सोन्याच्या रंगाने नक्षी काढलेली मातीची भांडी होती. क्रमांक ३६ मध्ये सोन्याच्या पत्र्यातून कापलेल्या दोन बैलांच्या आकृती आणि सोन्याने मढविलेला दंड होता. क्रमांक २, ३ व १५ यांत देहाऐवजी कच्च्या मातीचे मानवी मुखवटे ठेवले होते आणि त्यांवर डोळे, तोंड व कान यांच्या जागी सोन्याचे तुकडे बसविले होते.

या प्रतीकात्मक दफनांची अनेक स्पष्टीकरणे दिली गेली. परदेशी वा समुद्रात मृत्यू आल्याने देह मिळाला नाही, असे एक मत. देवतेला अर्पण, असे दुसरे. मारिया गिम्बुटास यांनी मुखवट्यांचा संबंध मृत्यूशी निगडित देवीच्या कल्पनेशी जोडला. अधिकाराची चिन्हे एका पिढीने विधिपूर्वक पुरून टाकली व नव्या पिढीने नवी घडविली, अशीही शक्यता विचारात घेता येते. यांपैकी कोणतेही स्पष्टीकरण स्वीकारले तरी एक गोष्ट उरतेच. येथे संपत्ती एखाद्या देहाला चिकटलेली नव्हती. पदाला, नात्याला किंवा विधीलाही ती देता येत होती. म्हणून थडग्यातील सोन्यावरून त्या मनुष्याची 'मालमत्ता' मोजणे धोक्याचे ठरते. अंत्यविधी मृत व्यक्ती करीत नाही, तिच्या मागे राहिलेले करतात, हे सामान्य व्यवहारातील सत्य पुरातत्त्वीय निष्कर्ष काढताना पुष्कळदा विसरले जाते.

दुसरीकडे, विषमता नाकारताही येत नाही. दफनभूमीतील अनेक थडग्यांत सोन्याचा एकही कण नाही. काहींत एखादे भांडे वा चकमकीचे पाते एवढेच आहे. सोन्याचा मोठा भाग मोजक्या खड्ड्यांत एकवटलेला आहे. या काळातील बल्गेरियातील वस्त्यांची उत्खनने झाली आहेत. त्यांत घरांच्या आकारात व रचनेत एवढा मोठा फरक दिसत नाही; वाडा म्हणता येईल अशी वास्तू मिळालेली नाही. मृत्यूनंतर दिसणारी ही तफावत जिवंतपणी कोणत्या रूपात होती, हा येथील कळीचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला या ठिकाणी इनामगावची आठवण होणे स्वाभाविक आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. व्हार्नाहून ती फार उत्तरकालीन आहे आणि दोहोंत कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. परंतु पद्धतीच्या दृष्टीने तुलना उपयुक्त ठरते. इनामगावात पाच खोल्यांचे एक मोठे घर धान्यकोठाराला लागून होते, तर अंगणातील एका चार पायांच्या मातीच्या रांजणात एक प्रौढ पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला आढळला. तेथील प्रथेप्रमाणे मृतांची पावले तोडली जात. या पुरुषाची पावले शाबूत होती. घर, कोठार आणि दफन असे तिन्ही पुरावे जवळजवळ मिळाल्याने तेथे वस्तीप्रमुखाचे अस्तित्व मांडता आले. इनामगावात सोन्याचा असा संभार नसतानाही निष्कर्षाचा पाया रुंद आहे. व्हार्नात सोने विपुल असून घर सापडलेले नाही.

वस्ती कोठे गेली?

या लोकांचे गाव नेमके कोणते, हे निश्चित झालेले नाही. व्हार्ना सरोवराच्या पाण्याखाली व काठावर अनेक प्रागैतिहासिक वस्त्यांचे अवशेष मिळाले आहेत. त्या काळी पाण्याची पातळी आजच्यापेक्षा खाली होती. पुढे ती वाढत गेल्यावर काठावरील वस्त्या बुडाल्या. त्यांच्या समृद्धीची साधने मात्र काही प्रमाणात सांगता येतात. तांबे आय बुनारसारख्या खाणींतून येत असे, शिंपा दक्षिणेकडून. व्हार्नाच्या पश्चिमेस प्रोव्हादिया येथे खाऱ्या पाण्याच्या झऱ्यांपासून मीठ तयार करणारे मोठे केंद्र होते. वासिल निकोलोव्ह यांनी २००५ पासून तेथे उत्खनन केले असून तटबंदीने वेढलेली वस्ती उघडकीस आणली आहे. मीठ देऊन अन्य वस्तू मिळविण्याच्या व्यवहारातून व्हार्नाची संपत्ती साठली असावी, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटू लागले आहे. थडग्यात मीठ शिल्लक राहत नाही, सोने राहते. संग्रहालयात सोन्याला मिळालेले प्राधान्य काही अंशी या साध्या भौतिक कारणानेही आहे.

इ. स. पू. पाचव्या सहस्रकाच्या अखेरीस या प्रदेशातील ताम्रयुगीन वस्त्या ओस पडल्या. गिम्बुटास यांनी त्याचे कारण काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांच्या आक्रमणात शोधले. अन्य अभ्यासक हवामानबदल आणि शेतजमिनीचा ऱ्हास यांकडे बोट दाखवितात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात व्हार्नाच्या एका व्यक्तीत गवताळ प्रदेशाशी संबंधित वंशांश आढळला. यावरून आक्रमण सिद्ध होत नाही. मात्र ऱ्हासाच्या आधीपासूनच त्या लोकांशी संपर्क होता, एवढे म्हणता येते. विवाहसंबंध, देवघेव आणि संघर्ष यांपैकी कोणत्या वाटेने तो आला, हे एका व्यक्तीच्या अस्थींवरून ठरविता येणार नाही.

संचाची आजची स्थिती

व्हार्नाचा सर्व संच एका छपराखाली नाही. काही वस्तू सोफिया येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. निवडक वस्तू वेळोवेळी परदेशांतील प्रदर्शनांत गेल्या. २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे 'लॉस्ट वर्ल्ड ऑफ ओल्ड युरोप' या प्रदर्शनात त्या मांडल्या गेल्या, तेव्हा अमेरिकी अभ्यासकांचे लक्ष त्यांकडे नव्याने वेधले गेले. तरीही व्हार्नाच्या दालनात जे घडते ते फिरत्या प्रदर्शनात घडत नाही. येथे समृद्ध व दरिद्री, देह असलेली व देहाविना असलेली थडगी एकमेकांशेजारी ताडून पाहता येतात. केवळ चमकदार वस्तू निवडून बाहेर नेल्या की ही तुलना तुटते आणि उरतो तो दागिन्यांचा संच.

दफनभूमीची मूळ जागा संग्रहालयापासून काही किलोमीटरवर, आजही औद्योगिक परिसरातच आहे. १९९१ मध्ये थांबलेल्या उत्खननानंतर तिचा सुमारे तीस टक्के भाग अद्याप खणावयाचा राहिला आहे, असा अंदाज आहे.